निव्वळ पेट्रोल

उदगीरला नांदेड रोडवर आमचा पेट्रोल पंप आहे. माझ्या सासऱ्यांनी, चन्नबसप्पांनी, तो सुरू केला आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा माझ्या हाती दिला. अजूनही ते रोज सकाळी कपाळाला भस्म लावून येतात, ऑफिसबाहेरच्या खुर्चीत बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करतात. त्यामुळे शिवकांताची गाडी ढकलत पंपावर आली, तेव्हा तिला सगळ्यात आधी त्यांनीच पाहिलं.

दोन रिक्षावाले मागून ढकलत होते आणि शिवकांता वर ताठ बसून हँडल धरून होती. इंजिनाखाली पेट्रोल ठिबकत होतं. मी धावत जाऊन सगळे नळ बंद करायला लावले, गाडी बाजूच्या भिंतीपाशी नेली, खाली वाळू टाकली. एवढं होईपर्यंत ती शांतपणे बसून होती. मग म्हणाली, "वहिनी, तुमच्या पेट्रोलमध्ये काय कालवायलेत हो आजकाल?"

शिवकांता हुडे शिलाई मशीन दुरुस्त करते. तिचं दुकान नाही. उदगीर, देवणी, जळकोट, पार मुखेडपर्यंत ज्या ज्या गावात एखादी बाई कपडे शिवून घर चालवते, त्या त्या गावात शिवकांता पोचलेली असते. लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय गेला. पायाला बांधलेला लोखंडी कॅलिपर आणि कुबडी यांच्या आधाराने ती चालते, पण फार लांब नाही. तिची खरी चाल म्हणजे ती स्कूटर. जुनी, बिनगिअरची, टू-स्ट्रोक. मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक. देगलूर रोडच्या राजशेखर मेकॅनिकने ती तिच्या अंगाच्या मापाने बांधून दिलेली. सीट खाली उतरवलेली, ब्रेक हाताशी आणलेले, कॅलिपरचा पाय सरळ ठेवता यावा म्हणून फूटबोर्ड कापून रुंद केलेला, पुढे अवजारांची पेटी.

"ब्लाउज शिवावा तशी शिवलीय राजशेखरनं," ती सांगायची. "दुसऱ्या कुणाला बसायची न्हाई."

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. दोन वर्षांपासून मी ते रोज देत होते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, ते आम्ही घालत नाही, वरूनच तसं येतं, सगळ्या पंपांवर तेच. नव्या गाड्या त्या हिशेबाने बनवलेल्या असतात. जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि रबरं वेगळी असतात, ती फुगतात.

"आपल्या उसाचंच असतंय ते, अक्का," सासरे खुर्चीतून म्हणाले.

"ऊस वाईट कोण म्हणतंय अप्पा? पण बाळंतिणीला अन् पैलवानाला एकच खुराक चालंल का?"

सासरे हसले. त्यांनी तिला चहा मागवला. मी राजशेखरला फोन लावला.

राजशेखरने येऊन नळी काढून दाखवली. बोटात धरली की भिजलेल्या शेवयांसारखी लिबलिबत होती. कार्बोरेटरमधली सुई अडकली होती. "नळी बदलतो, रबर बदलतो, नव्या धाटणीचं मिळतंय आता," तो म्हणाला. "पण अक्का, तुझी गाडी एका गावी जाऊन दोन दोन दिवस उभी राहती. उभ्या गाडीत हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी तळाला बसतं. मग किका मारत बसायचं. तुला किका मारता येणार हायत का?"

गाडी बटनावर चालू व्हायची, पण बटनाने घेतली नाही तर किक हाच मार्ग, आणि तो तिला बंद.

"नवी घे," राजशेखर म्हणाला. त्याला स्वतःलाच ते पटत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

नवी तिने बघून ठेवलेली होती. शोरूममध्ये जाऊन बसूनही आली होती. सीट उंच, पाय जात नाही, आणि कापाकापी केली तर कंपनी हमी देणार नाही. बॅटरीवरची तीनचाकी पाहिली, तिला मुखेडला जाऊन परत यायचं बळ नव्हतं. शिवकांता हट्टाने जुन्याला चिकटलेली नव्हती. जगात तिच्या मापाची दुसरी गाडी नव्हती, एवढंच.

"ते न घातलेलं पेट्रोल मिळतंय का कुठं?" तिने विचारलं.

मी सांगितलं की शंभर ऑक्टेनचं म्हणून एक महाग पेट्रोल असतं, त्यात इथेनॉल नसतं. लातूरला एका पंपावर येतं असं ऐकलंय. हे मी सहज बोलले आणि कामाला लागले. माझ्या लेखी विषय संपला होता.

ती एसटीने लातूरला गेली. पहिल्या खेपेला माल संपलेला होता. दुसऱ्या खेपेला माल होता, पण तिच्या प्लास्टिकच्या डब्यात भरून द्यायला मॅनेजरने नकार दिला. परत आल्यावर ती आमच्या पंपावर थांबली आणि मला हे सांगितलं. मला वाटलं चिडली असेल.

"त्यांचं बरोबरच हाय," ती म्हणाली. "एसटीत पेट्रोलचा डबा मांडीवर घेऊन बसणार होते मी! बरं झालं न्हाई म्हणाले."

"मग आता?"

"डबा न्हाई चालत. टाकी चालतीय की."

तिसऱ्या खेपेला तिने लातूरला शेळ्या घेऊन जाणाऱ्या पिकअपमध्ये, शेळ्यांच्या सोबत, आपली स्कूटर चढवली. लातूरच्या त्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली आणि गाडीवरूनच उदगीरला आली. नळेगावला चहा प्यायली आणि पुन्हा बटन दाबलं तर पहिल्या दाबाला चालू. हे सांगताना तिचा चेहरा एखाद्या नव्या नवरीसारखा फुलला होता.

त्या दिवशी मी एक प्रयोग केला. पंपावर आमच्याकडे मोजमापाच्या काचेच्या नळ्या असतात. एका नळीत आमचं रोजचं पेट्रोल घेतलं, दुसरीत शिवकांताच्या टाकीतलं. दोन्हींत सारखं पाणी घातलं, हलवलं, ठेवलं. रोजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याने ओढून घेतलं आणि तळाचा पाण्याचा थर चांगलाच वर चढला. तिच्या नळीत पाणी होतं तेवढंच राहिलं. शिवकांताने दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या.

"बायका मशीनमध्ये खोबरेल तेल घालतात," ती म्हणाली. "घरात असतंय म्हणून. चार दिवस चांगलं चालतं, मग ते चिकटून बसतं. मी तेल वाईट हाय असं म्हणत न्हाई त्यांना. म्हणते, हे केसाला घाला, मशीनला मशीनचं तेल घाला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, तुमच्या पंपावर ठेवा की हे."

मी तिला खरं काय ते सांगितलं. आमच्याकडे एक जमिनीतली टाकी रिकामी पडून होती. आधी तिच्यात दुसरं महाग पेट्रोल असायचं, ते खपलं नाही म्हणून बंद केलं. टाकी साफ करून वापरता आली असती. पण हा माल कंपनी मागणी असल्याशिवाय पाठवत नाही. उदगीरसारख्या गावात तो कोण घेणार? शिवाय टँकरचा एक अख्खा कप्पा घ्यावा लागतो. पडून राहिला तर नुकसान माझं.

"मागणी दाखवायची म्हणजे माणसंच दाखवायची न्हवं का?" तिने विचारलं.

"हो. पण एकटी तू म्हणजे मागणी नाही, अक्का."

"एकटी कुठं हाय मी," ती म्हणाली आणि गाडी चालू करून गेली.

पुढचा दीड महिना ती काय करत होती हे मला नंतर कळलं. मशीन उघडून बसली की ती शिवणाऱ्या बाईला विचारायची, घरात पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप आहे का? गवत कापायचं मशीन? जुनी मोपेड? विहिरीवरचं लहान इंजिन? चालू होताना त्रास देतं का? आणि जवळजवळ प्रत्येक घरात काहीतरी त्रास देत होतंच. सोयाबीनची फवारणी तोंडावर आलेली. गेल्या हंगामात पेट्रोल आत तसंच ठेवून माळ्यावर टाकलेले पाठीवरचे पंप लोक खाली काढत होते आणि दोऱ्या ओढून ओढून त्यांचे खांदे भरून येत होते. शिवकांता बाईला सांगायची, अमुक रविवारी नांदेड रोडच्या पंपावर पाठवा त्यांना, मशीन घेऊन.

मला तिने फक्त एवढंच सांगितलं, "त्या दिवशी तुमच्या साहेबाला बोलवा."

नांदेडहून कंपनीचे विक्री अधिकारी यायचेच होते. मी रविवारचा आग्रह धरला. मनात म्हटलं, येतील पाचसात जण, चहापाणी करू.

सकाळी सासऱ्यांनीच हाक मारली. "मंजुषा, बाहेर ये. बघ तरी!"

कुणी मोपेडवर, कुणी जुन्या मोटारसायकलवर. कुणाच्या पाठीवर फवारणीचा पंप, कुणाच्या खांद्यावर गवत कापायचा लांब दांडा. मंडपवाल्याने छोटा जनरेटर हातगाड्यावर घालून आणला होता. देवणीचे एक निवृत्त मास्तर आपली चॉकलेटी रंगाची जुनी चारचाकी पुसून पुसून घेऊन आले होते आणि कुणाला हात लावू देत नव्हते. एकाने डिझेलचं इंजिन आणलं. त्याला समजावून परत पाठवावं लागलं, तर तो म्हणाला, "आलोय तर बसतो." आणि ज्याला विचारावं, तुम्हाला कोणी सांगितलं, तर उत्तर एकच: "घरच्यांनी पाठवलं."

मी मोजायचं सोडून दिलं. राजशेखर एका पंपावरून दुसऱ्यावर वाकत होता, झाकणं उघडत होता, प्रत्येकाला आतलं सुजलेलं रबर दाखवत होता. शिवकांता आपल्या स्कूटरवर, गर्दीच्या एका कडेला बसली होती. कुणी काही विचारलं तर सांगायची, एरवी गप्प.

साहेब आले. तरुण होते, मनाने चांगले होते. त्यांनी सगळ्यांशी बोलून घेतलं, फोटो काढले. मग ऑफिसात बसून म्हणाले, "मॅडम, गर्दी दिसली. पण ही माणसं एकदा घेतील आणि दर ऐकून परत जातील. मी वर काय सांगू?" त्यांची शंका खोटी नव्हती. थोडा विचार करून त्यांनी शिवकांताला आत बोलावलं.

"ताई, तुमची अडचण मला खरंच पटली. तुमच्यासाठी एक करता येईल. दिव्यांग म्हणून खास बाब करू. लातूरच्या आमच्या पंपावरून दर महिन्याला तुमच्यापुरता माल, नियमातल्या डब्यात, आमच्याच गाडीतून इथं पोचवू. वर्तमानपत्रात एक छोटा फोटो येईल, बाकी काही नाही."

मी शिवकांताकडे बघितलं. मला वाटलं, झालं, सुटली बिचारी. तिला रोज किती धडपड करावी लागते ते मला आता माहीत होतं.

"साहेब, तुम्ही मनापासून म्हणायलात, मला कळतंय," ती म्हणाली. "पण न्हाई. मी ह्या लोकांना इथं बोलावलं. माझ्यापुरतं घेऊन घरी गेले तर उद्या त्यांच्या दारात मशीन दुरुस्त करायला कोणत्या तोंडानं जाऊ?"

"अहो, पण त्यांना पाय आहेत."

"फवारणी चुकली तर पायांचं काय करायचं त्यांनी?"

ती पुढे अगदी साधेपणाने म्हणाली, "पंपावर ठेवा. मी बी रांगेत उभी राहून घेईन. तुम्हाला येळ लागत असंल तर लागू द्या."

ते गेले. लोकही गेले. मी तिला जरा रागावलेच. "अक्का, महिन्याभराचा तरी घ्यायचा होतास. टाकी संपली की काय करशील?"

"बघू," ती म्हणाली.

टाकी संपली. ती पुन्हा रोजचं पेट्रोल घालू लागली. नव्या रबरांमुळे गळत नव्हतं, पण उभी राहिलेली गाडी केव्हा रुसेल याचा भरवसा नव्हता, म्हणून तिने लांबच्या गावांना एसटीने जायचं ठरवलं. एसटी फाट्यावर सोडते. गाव तिथून आत असतं. ही बाई आत जाणार कशी, याची मला काळजी वाटायची.

श्रावणात एकदा मी वाढवण्याच्या बाजूला एका नातेवाइकांकडे निघाले होते. पुढच्या एका फाट्यावर निवाऱ्यापाशी बायकांची गर्दी दिसली. अपघात झाला की काय म्हणून मी गाडी थांबवली.

निवाऱ्याच्या सिमेंटच्या बाकावर शिवकांता बसली होती. कॅलिपरचा पाय सरळ पुढे. मांडीवर जाड फडकं, त्यावर शिलाई मशीनचं मुंडकं उलटं केलेलं. शेजारी दीपाली नावाची त्याच गावची एक शिवणारी उभी होती. तिनेच ते मुंडकं खालच्या पायमशीनपासून सोडवून, साडीच्या चुंबळीवर ठेवून, गावातून डोक्यावर आणलं होतं. आणि तिचं बघून बाकीच्या बायकांनीही आपापली मुंडकी आणली होती. कुणी डोक्यावर, कुणी सायकलच्या कॅरिअरला बांधून, एकीने तर बाळाच्या झोळीत घालून. बाकावर, खाली पोत्यावर, ओळीने काळी मशीनं मांडलेली.

"हे काय गं?" मी दीपालीला विचारलं.

"अक्काला आत येता येईना, म्हणून आम्हीच आलो," दीपाली म्हणाली. "इतकी वर्षं ती आमच्या उंबऱ्यावर आली. माझं मशीन बंद पडलं होतं तेव्हा शाळेच्या ड्रेसची आख्खी ऑर्डर पडून होती, तर पावसात आली होती ती. आता आमची पाळी."

शिवकांताने मान वर केली. कपाळावर तेलाचं बोट उमटलं होतं. "वहिनी, थांबा जरा. एवढं टाइमिंग लावते. बसा, जागा हाय."

मी बसले. नातेवाईक वाट बघत राहिले. ती हुक फिरवायची, कान लावायची, पुन्हा फिरवायची. बायका आपसात बोलत होत्या, हसत होत्या. बस आली, थांबली, कंडक्टरने विचारलं, "अक्का, येतीस का?" ती म्हणाली, "पुढच्यानं येते." बस गेली. त्या सिमेंटच्या बाकावर बसून माझ्या मनाशी पक्कं झालं की माल पडून राहिला तर राहू दे. टाकी माझी आहे, नुकसानही माझं असेल.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना फोन केला. पहिला कप्पा माझ्या जोखमीवर मागवते, असं मी त्यांना म्हणाले. सासऱ्यांना आधी विचारलं नव्हतं. नंतर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी तुझ्या जागी असतो तर गेल्याच महिन्यात मागवला असता." हे खरं असेल असं नाही, पण त्यांनी म्हटलं.

तरी वेळ लागलाच. टाकी साफ करणं, तपासणी, मंजुरी. दसरा होऊन गेला तेव्हा टँकर आला. सोयाबीनची फवारणी केव्हाच संपली होती, तुरीची बाकी होती. सासऱ्यांनी नळाला हार घातला. त्यांना पहिलं पेट्रोल शिवकांताच्या गाडीत घालायचं होतं. ती आली तेव्हा तिच्यापुढे दोघं उभे होते, पाठीवर फवारणीचे पंप घेऊन. सासरे तिला पुढे या म्हणाले. तिने मानेनेच नको म्हटलं आणि आपली पाळी आल्यावर पुढे आली.

खपाचं म्हणाल तर साहेबांची शंका अर्धी खरी ठरली. दर ऐकून बरेच मोपेडवाले रोजच्या पेट्रोलकडे परत गेले. त्यांचं तसं चुकतही नाही. गाडी रोज पळत असेल आणि राजशेखरने रबरं बदललेली असतील तर तेही चालतं. पण हंगाम संपला की मशीन माळ्यावर टाकायच्या आधी लोक येतात, आतलं काढून हे थोडंसं घालून नेतात. मास्तर महिन्यातून एकदा चारचाकी घेऊन येतात. मंडपवाला येतो. मुखेडहून, जळकोटहून माणसं येतात, मशीन सोबत घेऊनच येतात. एक कप्पा संपायला वेळ लागतो, पण संपतो. दुसरा मागवला तेव्हा साहेबांनी काही विचारलं नाही.

शिवकांता पुन्हा गावोगाव फिरते. परवा मुखेडला दोन दिवस मुक्काम करून आली. गाडी दोन रात्री उघड्यावर, दव पडलेलं, आणि सकाळी बटनाला लगेच चालू. टाकी भरून झाल्यावर ती निघेना. गाडीवर बसून काहीतरी विचार करत होती.

"काय गं अक्का?"

"मुखेडची माणसं एवढ्या लांब इथं येतात, वहिनी. पाठीवर पंप बांधून. तिथल्या चौकातल्या पंपाचा मालक कोण हाय, तुम्हाला ठाऊक असंल."

मला ठाऊक होता. डीलरांच्या बैठकीला भेटतो, जरा कडक माणूस आहे. मी तसं तिला सांगितलं.

"असू द्या," ती म्हणाली. "बायको शिवती का त्याची?"

मला काही कल्पना नव्हती. मी फोन काढून त्याचा नंबर शोधू लागले.